जहाल कोण, मवाळ कोण?

टिळक जहाल, गोखले मवाळ, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, ती इंग्रजांशी लढायचं कसं या प्रश्नावर. तेवढ्यापुरते हे शिक्के खरे. पण प्रश्न बदलला की ते उलटतात. मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणाऱ्या १८९१ च्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९११ मध्ये मांडलं ते ‘मवाळ’ गोखल्यांनी. १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा त्यांच्या देशसेवेचा गौरव टिळकांनीच स्मशानभूमीत केला. पुढच्याच वर्षी लखनौला मुस्लिम लीगशी समझोता घडवण्यात ‘जहाल’ टिळक पुढे होते. तेव्हा कुणावर शिक्का मारण्यापूर्वी विचारावं: कोणत्या प्रश्नावर?