परळहून निघालेला एक धागा

फॉलिक आम्लाचा, म्हणजे ‘ब-९’ जीवनसत्त्वाचा इतिहास चाळताना मी पुन्हा पुन्हा परळला येऊन थांबतो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदरपणातल्या जीवघेण्या पांडुरोगाचे कारण ती हाफकिन संस्थेत शोधू लागली. या रोगाने ग्रासलेल्यांत कापड गिरण्यांतल्या कामगार बायकाही होत्या. जंतूंऐवजी तिला संशय आला तो त्यांच्या ताटाचा. ‘मार्माइट’ या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. अर्कातल्या त्या अनाम घटकाला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१मध्ये पालकाच्या पानांतून मिळालेल्या द्रव्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव पडले. १९४५मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत, आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवले.

दुसरा धागा रक्तवाहिन्यांचा. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले, की वाहिनीचे आतले नाजूक अस्तर तिला सैल करणारा काही पदार्थ सोडते. १९८७मध्ये तो नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे ठरले. १९९८चे नोबेल त्याच संशोधनाला मिळाले.

हे धागे जुळतात ते असे. हा वायू बनवणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा जोडीदार लागतो. तो कमी पडला, की विकर वायूऐवजी घातक सुपरऑक्साइड तयार करते. फॉलेटची रचना या जोडीदाराशी मिळतीजुळती आहे. शरीरात फिरणारे त्याचे सक्रिय रूप जोडीदाराला टिकवून विकर रुळावर आणते, असे प्रयोगांत दिसले.

मग फॉलिक आम्लाची गोळी घेतली की हृदय सुरक्षित? इथे मला सबुरी हवीशी वाटते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ‘ब’ जीवनसत्त्वांनी हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. मात्र २०१५च्या चिनी चाचणीत, रक्तदाबाच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांत, औषधाला फॉलिक आम्लाची जोड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण घटले. तिथे पिठात फॉलिक आम्ल मिसळण्याची सक्ती नव्हती. म्हणजे ज्याच्या ताटात कमतरता, त्याला लाभ अधिक, असा अर्थ मी लावतो.

विल्सने परळला विचारलेला प्रश्न हाच होता: ही बाई रोज जेवते काय? रक्तवाहिनीच्या अस्तरापर्यंत पोहोचलेल्या विज्ञानालाही तो अजून टाळता आलेला नाही.