मागच्या बाकावरचा मुलगा आणि दुःखाची पुस्तके



आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त एक गोड कल्पना आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या दोघांचे लग्न लागले ते या वत्सगुल्मात! म्हणजे साहित्याचे सासर-माहेर दोन्ही इथेच म्हणा ना. पण आज मी लग्नाचे नव्हे, मरणाचे बोलणार आहे. घरात माणूस गेले की दहा-पंधरा वर्षांच्या पोराने वाचावे काय, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेतला नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघून आपला जिल्हा स्वतंत्र झाला आणि आठच वर्षांत, २००६ साली, पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली त्यांत त्याचे नाव आले. रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठेही जा. बापाची तेरवी आटोपून डोके भादरलेले पोरगे शाळेत येते आणि मागच्या बाकावर बसते. वर्ग गप्प. मास्तरही गप्प. काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही. मग आपण म्हणतो, “काढा रे गणिताचं पुस्तक.”

मराठीने हे दुःख कोवळ्या तोंडाने प्रथम बोलून दाखवले ते हरिभाऊ आपट्यांच्या हातून. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपणच सांगते. आई जाते, पुढे नवरा जातो, मग केशवपन. यमूला जगायचे होते बरं का. जगू दिले नाही ते भोवतालच्या माणसांनी. तेव्हा हे पुस्तक लहानांच्या हाती दुःखावरचा उतारा म्हणून देता येत नाही. ते मोठ्यांना जाब विचारणारे पुस्तक आहे.

मुलांच्या हाती द्यायचे पुस्तक आले ते पुढे पंचेचाळीस वर्षांनी. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. १९१७ साली त्यांची आई वारली. मुलगा सतरा वर्षांचा, शिक्षणासाठी घरापासून दूर. त्यानंतर सोळा वर्षे गेली. मधल्या काळात ते अमळनेरला शिक्षक झाले, चळवळीत पडले, तुरुंगात गेले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. १९३५ साली ती छापून आली. सोळा वर्षे हे ध्यानात ठेवा. आपण पोराला तेराव्या दिवशीच म्हणतो, “आता रडू नको, तू घरातला मोठा.”

पुस्तकाची मांडणी पाहा. आश्रमात रात्रीची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. एका रात्री एकच. मग मंडळी झोपायला जातात आणि उद्या पुन्हा जमतात. अशा बेचाळीस रात्री. दुःख एका दमात ओकून टाकलेले नाही, थोडे थोडे आणि चार माणसांत सांगितले आहे. आपल्या वऱ्हाडात जेवणे आटोपल्यावर ओट्यावर गोष्टी चालत, त्यातलाच हा प्रकार.

काही विद्वान या पुस्तकाला रडके म्हणतात. मला ते पटत नाही. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, तेव्हा हीच माउली हातात शिपटी घेऊन त्याला विहिरीकडे हाकलते. अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरणारी बाईही तीच. घरावर सावकाराची जप्ती येते, अपमान होतो, एक लहान भाऊ डोळ्यांदेखत जातो. पानोपानी मरण आहे खरे, पण त्याहून जास्त जागा भाजी, अंगरखा, झाडे, गुरे आणि भांडणे यांनी घेतली आहे. गेलेल्या माणसाची आठवण म्हणजे त्याच्या मरणाची आठवण नव्हे, हे पोराला यातून आपोआप कळते. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हाही थिएटरातले डोळे ओले होत. पण पुस्तक त्याहून कणखर आहे.

आता एक अवघड गोष्ट. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन स्वतः संपवले. एखादे चौकस पोरगे विचारणारच, “मग गुरुजी, ते स्वतःच का गेले?” दडवू नका. ज्याच्या बापाने तेच केले त्याला दडवलेले लगेच कळते. इतके सांगावे की इतरांना आधार देणारे मनही आजारी पडते, आणि ताप आल्यावर डॉक्टराकडे जातो तसे मनासाठीही कोणाकडे तरी जायचे असते. शासनाची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरतो.

पुढच्या काळातले प्रकाश नारायण संतही आठवतात. वडील ना. मा. संत १९४६ साली गेले तेव्हा हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. त्यांचा लंपन ‘वनवास’मध्ये १९९४ साली भेटला. म्हणजे या गृहस्थांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली! लंपन बेळगावकडच्या कानडी वळणाचे मराठी बोलतो. आपल्या पोरांना ते आधी परके वाटेल, मग हसू येईल. येऊ द्या.

आणि घरचेच नाव घ्यायचे तर शिरपूर जैनचे नामदेव कांबळे. त्यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मातंग वस्तीतल्या आईची ती झुंज. मोठ्या वर्गातल्या मुलांना ती झेपेल.

वर्गात वाचायला घ्याल तेव्हा ‘श्यामची आई’ शेवटाकडून उघडू नका. पोहण्याच्या रात्रीपासून सुरुवात करा. मागच्या बाकावरच्या पोराकडे मुद्दाम पाहू नका. एक रात्र वाचा, पुस्तक मिटा, आणि ते उद्यापर्यंत त्याच्याच बाकावर राहू द्या.