उघडणे आणि निर्माण करणे

मंडळी, आज एका साध्या क्रियापदाचा इतिहास बघू: 'उघडणे'. प्रोग्रामने डेटाबेसची फाइल उघडायची, एवढंच. पण ती फाइल मुळात नसेलच तर?

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत केन थॉम्प्सन यांचा 'डीबीएम' आला. त्यात उघडण्याचे प्रकारच नव्हते, नुसतं नाव द्यायचं. नियम मात्र कडक. त्या नावाच्या दोन फाइली आधीपासून असायलाच हव्यात. नवा डेटाबेस हवा असेल, तर शून्य लांबीच्या दोन फाइली आपणच करून ठेवायच्या. पुढे 'एनडीबीएम'मध्ये उघडतानाच सांगायची सोय झाली: फक्त वाचायचं, लिहायचंही, की नसेल तर तयारही करायचं.

आता 'एस्क्यूलाइट'कडे या. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस आज तुमच्या फोनमध्ये आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतली उघडण्याची साधी सूचना फाइल नसली तर गुपचूप नवी करते. समजा, नावातलं एक अक्षर चुकलं. 'फाइल सापडली नाही' असं कोणी सांगत नाही. सगळं सुरळीत उघडतं, आणि जरा वेळाने उत्तर येतं: असं टेबलच नाही! माणूस घाबरतो, डेटा गेला म्हणतो. डेटा शेजारी सुखरूप असतो, बरं का.

इथे मला आपल्या नैयायिकांचा घट आठवतो. 'भूतलावर घट नाही' हे खरं ज्ञान आहे, पण त्याला भूतल आधी हवं. इथे काय झालं? विचारणाऱ्यानेच नवं भूतल अंथरलं आणि मग घट नाही म्हणून सांगितलं. वाक्य खोटं नाही, पण ते भलत्याच जमिनीबद्दल आहे. १९७९ मध्ये रिकामी फाइल माणूस जाणूनबुजून करत होता. इथे ती नकळत होते, फरक एवढाच. पण केवढा!

२००७ साली, ३.५.० मध्ये, 'ओपन व्ही-टू' ही दुसरी सूचना आली. तिला वाचन, वाचन-लेखन, की नसल्यास निर्मितीसुद्धा, हे स्पष्ट सांगावं लागतं. 'निर्मिती' वगळली की नसलेली फाइल म्हणजे चूक, आणि ती तिथल्या तिथे कळते. जुनी सूचना काढली नाही. तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम फार. पायथनमधली नेहमीची जोडणीसुद्धा आजही, न विचारता, नवी फाइल करून देते.