तपोभूमी म्हणे!

खानदेशात तुरुंगाचा विषय निघाला की वक्त्याची गाडी धुळ्यावर येऊन थांबते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, विनोबांची गीतेवरची अठरा प्रवचने आणि ती झरझर उतरवून घेणारे साने गुरुजी. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, हे त्याला जोडून येते. टिळकांचे मंडाले तर असतेच. एवढी सामग्री जमली की सिद्धान्त तयार: तुरुंग ही तपोभूमी, बंदिवासात माणूस घडतो. अलीकडे हाच सिद्धान्त महिला कैद्यांनाही लावतात. शिलाई मशीन, योगवर्ग, एखादे कीर्तन, वर्तमानपत्रात फोटो आणि खाली ‘सुधारणेची संधी’.

दाखले खरे आहेत. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

धुळ्यात एकांत होता कुठे? विनोबांसमोर सत्याग्रही कैद्यांचा श्रोतृवर्ग होता, त्यात जमनालाल बजाजांसारखी माणसे होती, आणि शब्दन् शब्द टिपायला गुरुजींसारखा लेखक होता. तो ग्रंथ संगतीने दिला, भिंतींनी नव्हे. शिवाय ही मंडळी समजून-उमजून आत गेलेली. बाहेर त्यांच्या नावाचा जयजयकार चाललेला. त्यांतल्या संसारी माणसांच्या घरी म्हातारे-पोरे सांभाळणारी कुणी बाई होती, तिच्या तपश्चर्येचे व्याख्यान अजून कुणी दिलेले ऐकिवात नाही.

तुरुंगातल्या दळणाचेच घ्या. सत्याग्रही जात्याला बसला की ती साधना होते. इथली बाई जन्मभर जात्यावर बसली, तिला त्यात नवे काय? बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) ओव्या सुचायला तुरुंग लागला नाही. आसोद्याचे माहेर आणि जळगावचे घर-शेत पुरले. त्या कविता १९५२ साली छापून आल्या, त्याही सोपानदेवांसारख्या घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या म्हणून. उतरवून घेणारा लागतो. धुळ्यात लागला तसाच.

आता बराकीकडे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या २७ व्या कलमानुसार स्त्री कैद्यांना असे वेगळे ठेवायचे की पुरुष कैद्यांशी दृष्टिभेटही होऊ नये. हेतू रक्षणाचा आणि वाजवी. पण देशभरच्या कैद्यांत बायका शेकडा चार: २०२२ अखेर ५,७३,२२० पैकी २३,७७२. भायखळा, येरवडा सोडले तर जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्या वाट्याला येतो तो पुरुषांच्या कारागृहातला एक वेगळा काढलेला कोपरा. ग्रंथालय, कारखाना, मैदान, जे काही असेल ते सहसा भिंतीपलीकडे. तिकडे जायचे तर महिला शिपाई सोबत हवी आणि मधली वाट रिकामी करायला हवी. एवढा खटाटोप रोज कोण करणार? मग दार उघडते ते तारखेला आणि मुलाखतीला, आणि मुलाखतीला येणारेही कमीच. सातपुड्याच्या पाड्यावरून यायचे म्हणजे रोज बुडतो, शिवाय एसटीचे भाडे वेगळे. नवरा आत गेला तर बायको डबा-कपडे घेऊन फेऱ्या मारते. बायको आत गेली की सासर-माहेर दोन्हीकडून पाय आखडतात.

कुणी म्हणेल, बायकांनीही लिहिलेच की. लिहिले. सुधा भारद्वाज यांचे येरवड्यावरचे पुस्तक २०२३ मध्ये आले. त्यांना फाशी यार्डात ठेवले होते. गजांआडून दिसणाऱ्या इतर बायकांची शब्दचित्रे त्यांनी रेखाटली. पण त्या वकील, चळवळीत मुरलेल्या. ज्यांची चित्रे काढली त्यांच्यापैकी किती जणींच्या हाती लेखणी होती?

आणि मुले. सर्वोच्च न्यायालयाने उपाध्याय खटल्यात २००६ साली सांगितले, सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते; त्याला कैदी मानू नये, त्याचा आहार आणि पाळणाघर पाहावे. सहा पुरी झाली की नातेवाईक, नाहीतर संस्था. मांडीवर मूल घेऊन कसले अंतर्मुख व्हायचे, हे तपोभूमीवाल्यांनी एकदा सांगावे. ‘श्यामची आई’ आईवरचे पुस्तक खरे, पण ते लिहिणाऱ्याला मध्येच उठून कुणाचे नाक पुसायचे नव्हते.

सर्वांत कच्चा दुवा ‘सुधारणा’ हाच. २०२२ च्या आकडेवारीत ७५.८ टक्के कैदी न्यायाधीन होते. जिचा गुन्हा शाबीतच झालेला नाही तिची सुधारणा कशातून करता? अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देता येतो, अशी कायद्यात जुनी तरतूद आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमात ती कायम आहे. अडते ते पुढे. जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मागितला जातो, त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला. यावल-चोपड्याकडच्या बाईच्या नावावर सातबारा नसतो. असतो तो नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर; आणि गुन्हा घरातलाच असेल तर फिर्यादीही तेच.

यावरही उत्तर आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिना लोटला तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. जळगाव-धुळ्यातल्या अशा बायकांची यादी दर आठवड्याला निघाली पाहिजे आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांनी तिचा पाठपुरावा केला पाहिजे. शिलाई मशीनचे उद्घाटन तोवर लांबले तरी चालेल.