पहिल्या कर्जाचा जामीन

ज्याची पत आजवर कोणीं पारखलेली नाहीं, त्यास पहिलें कर्ज कोणीं व कशाच्या भरंवशावर द्यावें? हा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांत उपस्थित होतो. मुलगा शिकून नोकरीस लागतो, बँकेकडे कर्ज मागावयास जातो, आणि आपल्या नांवावर पूर्वींच्या देण्याघेण्याची कांहींच नोंद नाहीं असें ऐकून परत येतो. आपण कधीं कोणाचा एक पैसाही बुडविला नाहीं, हा ज्यास स्वतःचा गुण वाटत होता, त्यास तेंच आपलें उणें ठरलेलें पाहून वाईट वाटतें. अखेरीस वडिलांस सहीसाठीं बरोबर न्यावें लागतें. सहीनें काम होतें खरें, परंतु मुलाच्या मनांत सल राहतो. अशा तरुणास आम्ही आपल्याच इतिहासांतील एक प्रसंग सांगूं इच्छितों. त्यांतील ऋणको विशीच्या आंतला होता, आणि तो मराठी राज्याचा पेशवा होता.

प्रथम त्या काळच्या कर्जाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. मराठ्यांचीं सैन्यें दसऱ्यास बाहेर पडत व बहुधा पावसाळ्यापूर्वीं परतत. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीस येई, परंतु घर सोडण्यापूर्वीं त्याच्या हातीं नालबंदीची रक्कम पडावी लागे. चौथ, सरदेशमुखी किंवा खंडणी जी यावयाची ती मागाहून. तीही ठरल्याप्रमाणें येईलच असा नेम नसे. खर्च आधीं आणि उत्पन्न मागाहून, ह्या मधल्या अंतरावर सावकाराची पेढी उभी होती. सावकार खत लिहून घेई, दरमहा दरशेंकडा व्याज बांधी, आणि त्याच्या फेडीसाठीं एखाद्या महालाच्या वसुलावर वरात दिली जाई. मोहीम फसली, कीं देणें तसेंच राही व व्याज मात्र चढत जाई.

एप्रिल १७२० मध्यें बाळाजी विश्वनाथ वारला व बाजीरावास पेशवेपदाचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. त्यास दोन आधार होते: वडिलांचा लौकिक, आणि सावकारी घराण्यांशीं जडलेलें सोयरेपण. त्याची पत्नी काशीबाई ही चासच्या महादजी कृष्ण जोशी ह्या सावकाराची कन्या. बहीण भिऊबाई ही बारामतीकर जोशांकडे आबाजी नाइकास दिलेली. पुढील वीस वर्षांत बाजीरावाची कीर्ति वाढली, तसें त्याचें कर्जही वाढलें. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडूनही तो पैसा घेई; आणि सावकारांच्या व शिलेदारांच्या पायां पडतां पडतां कपाळाची कातडी झिजली, असें तो स्वामींस पत्रांतून विषादानें कळवितो. १७३७ सालीं दिल्लीच्या वेशीपर्यंत घोडा नेणाऱ्या पुरुषाचें हें बोलणें आहे!

२८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीरावाचा अंत झाला. त्याचा वडील मुलगा बाळाजी, ज्यास आपण नानासाहेब म्हणून ओळखतों, त्या वेळीं वीस वर्षांचाही नव्हता. पेशवेपद त्यासच मिळेल असें गृहीत धरण्यासारखी परिस्थिति नव्हती. रघूजी भोसल्यानें दुसऱ्या एका मनुष्याचें नांव पुढें केलें, आणि तो मनुष्य म्हणजे बाजीरावाचा सावकार बाबूजी नाईक जोशी. हा भिऊबाईचा दीर, म्हणजे घरचाच सोयरा. परंतु बाजीरावाकडून पैका परत न आल्यामुळें तो वैरी झाला होता. शाहू महाराजांनीं २५ जून १७४० रोजीं बाळाजीसच वस्त्रें दिलीं, तेव्हां नाइकानें दुसरें हत्यार उचललें. त्यानें आपल्या पैक्याचा तगादा लावला.

हें हत्यार किती धारदार होतें, हें आजच्या वाचकांस सहज कळणार नाहीं. तगाद्याची माणसें ऋणकोच्या दारीं बसत, त्याचें येणेंजाणें अडवीत, आणि लोक त्यांत गैर मानीत नसत. शिवाय पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें, ही धर्मशास्त्राची आज्ञा होती. वडिलांची दौलत अपुरी आहे, एवढें सांगून पुत्रास मोकळें होतां येत नसे. बाजीरावास त्याच्या पित्याच्या नांवानें तारलें होतें. बाळाजीस मात्र पित्याचें नांव आणि पित्याचें देणें हीं दोन्हीं एकदमच मिळालीं. स्वतःची पत दाखविण्यास त्यास अद्याप अवकाशच मिळाला नव्हता. सोयऱ्याकडे जावें, तर सोयराच धनको.

अशा वेळीं सासवडच्या पुरंदरे घराण्यांतील महादजीपंत पुढें आला. पुरंदऱ्यांचा पेशव्यांच्या घराशीं बाळाजी विश्वनाथापासूनचा संबंध होता. महादजीपंत हा नव्या पेशव्याचा दिवाण. त्यानें आपल्या वजनावर व आपल्या पतीवर पैका उभा करून नाइकाचा तगादा वारला. ग्रांट डफनें ही गोष्ट थोडक्यांतच सांगितली आहे, आणि पुढील मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांत ती वाचकांच्या ध्यानांतही राहत नाहीं. आम्हांस ती महत्त्वाची वाटते. पत म्हणजे मनुष्याच्या गतवर्तनाची दुसऱ्यांनीं ठेवलेली आठवण. तरुणापाशीं भविष्य असतें, परंतु आठवावें असें गतवर्तन नसतें. म्हणून त्याचें पहिलें कर्ज दुहेरी असतें: धनकोकडून तो पैसा घेतो, आणि जामिनाकडून त्याचीं गेलेलीं वर्षें उसनीं घेतो. पहिल्या कर्जास व्याज पडतें. दुसऱ्याचा हिशेब कोणत्याच वहींत नसतो.

पुढें नानासाहेबाची पत इतकी वाढली, कीं १७४० ते १७६० ह्या वीस वर्षांत त्यानें दीड कोटीचें कर्ज काढल्याचें न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या दप्तरावरून दाखविलें आहे. व्याजाचा दर वर्षास शेंकडा १२ ते १८ होता. १७६१ सालीं पानिपत झालें, आणि सोळा वर्षांच्या माधवरावावर तोच प्रसंग आला. तो जन्मभर कर्जांतच होता. नोव्हेंबर १७७२ मध्यें थेऊर येथें तो सत्ताविसाव्या वर्षीं मरणोन्मुख असतां त्यास सुमारें २४ लक्षांच्या देण्याची चिंता होती, व कारभाऱ्यांनीं तें फेडण्याचा पत्कर घेतला तेव्हां त्याच्या मनास स्वास्थ्य आलें. त्याच्यामागून गादीवर येणारा नारायणराव अवघा सतरा वर्षांचा होता. नवख्या मुलाच्या दारीं तगादा बसला म्हणजे काय होतें, हें त्या घराण्यास अनुभवानें ठाऊक होतें.

तेव्हांपासून आतांपर्यंत व्यवस्था पालटली आहे. मुंबई इलाख्यांत १८६६ च्या कायद्यानें वारसाची जबाबदारी वारशानें मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित झाली. २००५ सालच्या हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारावर पित्याचें ऋण पुत्राकडून वसूल करण्याचा मार्ग पुढील कर्जांपुरता बंद केला. त्याच वर्षीं पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांविषयींचा कायदाही झाला. म्हणजे मुलावरचा पित्याच्या देण्याचा भार उतरला, आणि पतीची आठवण शेजारी व सोयरे यांच्याकडून नोंदवहीकडे गेली. ह्यांत लाभ मोठा आहे. निराधार मुलगाही लहानसें कर्ज नियमानें फेडून स्वतःची नोंद निर्माण करूं शकतो. तथापि पहिल्या पायरीवर जामीन अजून लागतोच, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, उलट कांहीं ठरलें नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

म्हणून वडिलांनीं सही करण्यापूर्वीं तिचा अर्थ मुलास शांतपणें समजावून सांगावा, आणि मुलानें त्या सहीबद्दल लाज बाळगूं नये. ज्याच्या हातीं पुढें पुण्याची सत्ता आली, त्यासही पहिल्या वर्षीं दुसऱ्याच्या शब्दावर उभें राहावें लागलें. लाज बाळगावयाची ती हप्ता चुकविण्याची. कारण चुकलेला हप्ता आधीं जामिनाच्या दारीं जातो. आणि पुढें कधीं एखादा होतकरू पोर आपल्या दारीं अशाच सहीसाठीं येऊन उभा राहिला, तर त्याचें वर्तन नीट पारखून, पण आपला पहिला दिवस न विसरतां, त्यास उत्तर द्यावें.