भाडे, डागडुजी आणि कायदा

भाड्याच्या घराची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता घरमालक आणि भाडेकरू या दोघांपुरताच दिसतो. वस्तुतः त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो मुख्यतः मुंबईत घडला. परंतु बडोद्याच्या वाड्यांतून आणि पोळींतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मंडळींना तो परका नाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, मुंबईचाच भाडेनियंत्रण कायदा पुढे येथेही लागू झाला आणि १९६० साली गुजरात राज्य स्थापन झाल्यावरही तो चालू राहिला.

आरंभ झाला तो प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत साथ उद्‌भवली, तेव्हा अधिकाऱ्यांचे लक्ष प्रथम अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे गेले. ‘माणसाच्या वस्तीस अयोग्य’ अशा अर्थाची ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे घरांवर रंगविली जाऊ लागली. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौलेही काढली गेली. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, हा त्याचा सोपा अर्थ. नियम शहाणपणाचा होता; पण तो नव्या बांधकामाचा होता. पाडलेल्या घरांतील गरीब माणसे शेजारच्या वस्त्यांत अधिक दाटीने राहू लागली. घर कसे बांधावे हे कायद्याने सांगितले. बांधलेले घर कसे टिकवावे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाड्यावर निर्बंध आले. फाळणीच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, झालेल्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सर्वसाधारणपणे प्रमाण मानले. याच कायद्याने घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही सोय होती.

कागदावर ही तरतूद न्याय्यच म्हटली पाहिजे. परंतु महिना १० रुपये भाड्याच्या खोलीचे वर्षाचे भाडे १२० रुपये. चुना, सागवान, गवंड्याची मजुरी यांचे दर वाढत गेले. भाडे मात्र जागच्या जागी राहिले. वर्षभराचे सगळे भाडे वळते केले, तरी एक कुजलेली तुळई बदलणे कठीण. मालकास दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही आणि भाडेकरूस दुसरीकडे परवडणारी जागा मिळेना. पावसाळ्यापूर्वी छपरावर ताडपत्री घालून दोघेही दिवस काढू लागले.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनास मध्ये पडावे लागले. १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरात दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद झाली. जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्या निधीतून मंडळाने दुरुस्ती करावी असे ठरले. अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे आले. मालकाचे कर्तव्य असे बऱ्याच अंशी सार्वजनिक झाले. पण दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा होती आणि म्हाताऱ्या भिंतींना मर्यादा समजत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. तीही उपकरप्राप्तच होती.

गोठविलेली भाडी कालांतराने अन्यायकारक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतरच्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली. केंद्र सरकारने २०२१ साली मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर कामांची वाटणीच दिली आहे : बांधकामाची मोठी दुरुस्ती आणि भिंतींची सफेदी मालकाकडे, नळ्या-गटारांची सफाई, विजेची बटणे यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे. भाडे हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे.

शासकीय सेवेत उमेदीची वर्षे घालविल्यावर आमचे मत असे झाले आहे, की भाडे कमी ठेवण्याचा नियम आणि घर नीट ठेवण्याचा नियम हे एकमेकांशी हिशेब जुळवूनच करावे लागतात. पहिल्याने भाडेकरूचे छत वाचविले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच छताच्या दुरुस्तीचा पैसा कोठून यावयाचा, हे मात्र त्याने सांगितले नाही. आपल्या समाजात दांडिया बाजारचे वाडेमालकही आहेत आणि त्याच वाड्यांतले जुने बिऱ्हाडकरूही. दोघांनी एकत्र बसून तुळईचा खर्च कोणी किती सोसावयाचा हे आधी लिहून ठेवले, तर निदान काही वाडे न्यायालयाच्या तारखांपेक्षा अधिक काळ टिकतील.