संथ सुरांची जत्रा : टिलबुर्गचा रोडबर्न महोत्सव आणि त्याचे रसिक

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे हेवी मेटल कुठून आलं? रास्त प्रश्न आहे. तासाभरात उत्तर सापडलं नाही तर शेवटी मला जरूर धरा.

एका तारखेपासून सुरुवात करू. १४ एप्रिल २०१०. आइसलँडमधल्या एयाफ्यातलायोकुल या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. (नाव मी तीनदा पाठ करून आलोय.) राख आकाशात पसरली आणि १५ तारखेपासून उत्तर युरोपातले विमानतळ एकामागून एक बंद पडत गेले. पुढच्या काही दिवसांत एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. आणि नेमक्या त्याच गुरुवारी, १५ एप्रिलला, नेदरलँड्सच्या दक्षिणेतल्या टिलबुर्ग या गावात रोडबर्न नावाचा संगीत महोत्सव सुरू होणार होता. काही बँड पोहोचू शकले नाहीत, वेळापत्रक विस्कटलं, परदेशातले कित्येक तिकीटधारक आपापल्या विमानतळांवर अडकले. तरीही महोत्सव झाला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला योब हा बँड तिथे वाजवला, आणि त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिकाही पुढे निघाली.

आता प्रश्न असा, की या लोकांना एवढी कसली ओढ होती? जे संगीत ऐकायला ते येतात त्याला डूम मेटल म्हणतात. डूम म्हणजे अटळ विनाश, सर्वनाशाची चाहूल. हे संगीत संथ, जड आणि उदास. रेडिओवर ते वाजत नाही, लग्नात तर नाहीच नाही. त्याचा खप कधी मोठा नव्हता. मग ते टिकलं कसं? माझं म्हणणं असं आहे की ते वादकांइतकंच श्रोत्यांनी टिकवलं. संगीताच्या इतिहासात आपण गाणाऱ्यांची नावं लिहितो, ऐकणाऱ्यांची लिहीत नाही. आज थोडं उलटं करून बघू.

पण आधी मुळाकडे जाऊ. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. १९६५ साली टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो युरोपातला नामांकित गिटारवादक झाला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर त्याने त्या बऱ्याच खाली उतरवून लावल्या. तार सैल झाली, बोटाला त्रास कमी झाला, आणि आवाज मात्र खोल आणि जड झाला. एका कामगाराच्या अपघातातून एका संगीतप्रकाराचा पोत तयार झाला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी बाजारात आला. त्यातलं पहिलंच गाणं तीन स्वरांवर उभं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, तार सा आणि तिथून खाली तीव्र मध्यम. बस्स. पेटीवर वाजवून बघा, पण अगदी सावकाश वाजवा. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात या अंतराला जुन्या काळी ‘संगीतातला सैतान’ म्हणत. चर्चने त्यावर बंदी घातली होती वगैरे कथा सांगतात, त्या बऱ्याच फुगवलेल्या आहेत. आपल्याकडे यमन-मारव्यात तोच तीव्र मध्यम संध्याकाळ घेऊन येतो, तिथे बर्मिंगहॅममध्ये तो भीती घेऊन आला. स्वर तेच, संदर्भ बदलला.

ब्लॅक सॅबथ प्रचंड गाजला. समीक्षकांनी झोडपलं तरी लोकांनी उचलून धरलं. पण नंतर मेटलने वेगाचा रस्ता धरला. १९८६ हे वर्ष घ्या. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ त्या वर्षी आला, अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, इतका वेग. आणि त्याच वर्षी स्टॉकहोमच्या कँडलमासने आपला पहिला अल्बम काढला, नाव ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’. हे काही खरं लॅटिन नव्हे, थट्टेतलं लॅटिन आहे. पण या प्रकाराला डूम हे नाव रुळायला त्याचा मोठा हात लागला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सेंट व्हायटस बँडचा अल्बम आला, त्याचं नाव ‘बॉर्न टू लेट’. म्हणजे जन्मच उशिरा झाला. नावातच सगळं आलं. वेगाच्या जमान्यात संथ वाजवणारी ही माणसं स्वतःकडे कशी बघत होती, ते यातून कळतं.

मग १९९० चं दशक. इंग्लंडमध्ये ली डोरियन हा गायक नेपाम डेथ या अतिवेगवान बँडमधून १९८९ मध्ये बाहेर पडला आणि त्याने कथीड्रल हा अतिसंथ बँड काढला. पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड, अनाथेमा यांनी याच संथपणात शोकगीताचा सूर मिसळला. कॅलिफोर्नियात स्लीप या तिघांच्या बँडने तर तासाभराचं एकच गाणं केलं. ज्या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार होता तिने ते प्रकाशित करायला नकार दिला, आणि बँड फुटला. ‘डोपस्मोकर’ या नावाने ते सलग ६३ मिनिटांचं गाणं निघायला २००३ उजाडलं. पण तोवर चाहत्यांनी त्याच्या प्रती एकमेकांना देऊन त्याची कीर्ती पसरवलेली होती. इथे ऐकणाऱ्यांचा इतिहास सुरू होतो बघा.

आता टिलबुर्ग. हे लोकर गिरण्यांचं गाव. लोकर धुऊन घट्ट करायला पूर्वी मूत्र वापरत, त्यातल्या अमोनियासाठी. कामगार घरून मडक्यात ते साठवून गिरणीत नेत. म्हणून टिलबुर्गकरांना शेजारच्या गावांनी चिडवायला नाव ठेवलं, ‘मडक्यात मुतणारे’. आणि गावाने ते नाव अभिमानाने मिरवलं! आजही कार्निव्हलच्या दिवसांत टिलबुर्ग स्वतःला मडक्यांचं शहर म्हणवून घेतं. १९६० च्या दशकात गिरण्या बसत गेल्या. गिरणी बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे परळ-लालबागच्या माणसाला मी सांगायला नको.

या गावात १९९८ मध्ये ०१३ नावाचं संगीतगृह उभं राहिलं. नाव गावाच्या टेलिफोन कोडवरून. इमारत बाहेरून काळ्या रबराने मढवलेली. १९९९ च्या सुमारास वॉल्टर हुयमाकर्स आणि युर्गन व्हान डेन ब्रांड या दोन चाहत्यांनी रोडबर्न सुरू केलं, आणि २००५ च्या सुमारास ते ०१३ मध्ये स्थिरावलं. हे दोघं मुळात चाहते होते, हे लक्षात ठेवा. महोत्सवाची चालही तशीच राहिली. २००८ पासून दरवर्षी एखाद्या कलावंताला पाहुणा संयोजक नेमायची पद्धत पडली. त्याने आपल्या आवडीचे बँड बोलवायचे. म्हणजे वादकालाही त्यांनी आधी रसिकाच्या खुर्चीत बसवलं.

तिथे जाणं म्हणजे काय असतं? एप्रिलमधला गुरुवार ते रविवार. काळ्या कपड्यांतली, जुन्या बँडचे टी-शर्ट घातलेली, बरीचशी चाळिशी-पन्नाशीची माणसं जगभरातून एका छोट्या शहरात उतरतात. संगीतगृहाशेजारच्या गल्लीला त्यांनी ‘विअर्डो कॅन्यन’ नाव दिलंय, म्हणजे चक्रमांची घळ. तिथे बाहेर बाकांवर बसून बिअर पीत, आदल्या रात्री कोण कसं वाजलं यावर वाद चालतात. काही वर्षं महोत्सवाचं छापील रोजचं पत्र निघत असे, तेही चाहतेच लिहीत. कार्यक्रम एका सभागृहात नसतो. काही वर्षं तो रंगीत काचांच्या खिडक्या असलेल्या एका जुन्या कॅथलिक वास्तूत होत असे, अलीकडे रेल्वेच्या जुन्या वर्कशॉपमध्येही होतो. एकीकडे राहिलं तर दुसरीकडचं हुकतं, म्हणून वेळापत्रकावर पेनाने खुणा करत लोक फिरतात. आपल्याकडे सवाई गंधर्वला सतरंज्या आणि डबे घेऊन जाणारी मंडळी आठवा. माणसं तीच, फक्त कपडे काळे.

आत गेल्यावर काय होतं? मोठे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर, खाली उतरवलेल्या तारा, आणि लय इतकी विलंबित की पुढची थाप येईपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. आवाज कानाइतकाच छातीत ऐकू येतो. कानात बोळे घातलेले असतात, ते शहाणपणाचंच. धक्काबुक्की फारशी नाही. लोक डोळे मिटून सावकाश मान डोलावत उभे असतात. ज्याने ख्यालाची बढत ऐकली आहे त्याला ही स्थिती अनोळखी वाटणार नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : एवढं उदास ऐकून आनंद कसा होतो?)

छान प्रश्न. आपण करुण रसाचं नाटक तिकीट काढून बघतो आणि रडून ताजेतवाने होऊन घरी येतो, त्याचं कारण जे असेल तेच इथेही असावं. शिवाय एक गोष्ट आहे. ज्याला वाटतं की आपण जगाच्या वेगात बसत नाही, त्याला दोन-तीन हजार माणसं एकाच संथ लयीत डोलताना दिसली, की तो एकटा उरत नाही. जन्म उशिरा झाला असं म्हणणाऱ्यांना अखेर सोबती मिळतात.

आणि याचा परिणाम इतिहासावर झाला. सेंट व्हायटस पुन्हा एकत्र आले आणि २००९ मध्ये रोडबर्नला वाजवले. कँडलमासने २०११ मध्ये तो १९८६ चा अल्बम तिथे सलग वाजवला, तोही प्रकाशित झाला. ज्यांना तरुणपणी रिकामे हॉल मिळाले त्यांना उतारवयात भरलेलं सभागृह मिळालं. एके काळी इथली तिकिटं काही मिनिटांत संपू लागली होती.

पण निष्ठेचा एक धोका असतो. निष्ठावंत रसिक संगीताचं वस्तुसंग्रहालय करून टाकू शकतो. जुनंच वाजवा, तसंच वाजवा, नवीन काही नको. रोडबर्नने ‘जड’ या शब्दाचा अर्थ रुंदावत नेला. लोकसंगीत, इलेक्ट्रॉनिक, हिपहॉपही आलं. जुने चाहते कुरकुरले, ‘आता हे आपलं राहिलं नाही’ म्हणाले. दुसऱ्या बाजूला बघा : स्विस संगीतकार टॉम वॉरियरने १९८७ मध्ये सेल्टिक फ्रॉस्टच्या अल्बमवर एका रिक्विएमचा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा, पहिला भाग केला होता. तिसरा भाग २००६ मध्ये आला. मधला राहूनच गेला होता. तो लिहून झाला आणि २०१९ मध्ये त्याच्या ट्रिप्टिकॉन बँडने डच मेट्रोपोल ऑर्केस्ट्रासह अख्खं रिक्विएम रोडबर्नला सादर केलं. ३२ वर्षांनी. ते नव्याने रचवून घेण्याची तयारी संयोजकांची होती, आणि ऐकायला थांबलेले लोक होते, म्हणून ते पूर्ण झालं. संग्रहालयात असं घडत नाही.

२०२० चा महोत्सव कोविडमुळे रद्द झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी रिकाम्या सभागृहात कार्यक्रम करून ते सगळ्यांना ऑनलाइन मोफत दाखवले. ज्यांना व्हिसा आणि विमानाचं भाडं कधी परवडलं नसतं, त्यांनाही पहिल्यांदा आत जाता आलं. या संगीताचे रसिक आणि वादक आपल्याकडेही आहेत. मुंबईचा डर्ज, बंगळूरचा बेव्हार सी, हे बँड याच परंपरेतले.

तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे का? कारण टिकून राहणं आपोआप होत नाही. बाजाराने टाकलेली एखादी गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते तेव्हा मध्ये कुणीतरी तिकीट काढलेलं असतं, प्रत करून मित्राला दिलेली असते, विमान बंद असताना दुसरी वाट शोधलेली असते. दस्तऐवजांत त्यांची नावं सापडत नाहीत. आपल्या गावातलं भजनी मंडळ, नाट्यसंस्था, ग्रंथालय आठवा, आणि पहिल्या रांगेत दर वेळी कोण बसलेलं असतं ते आठवा. जमलं तर त्यांचं नाव कुठेतरी लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.